बोनेटवरचं नाव आणि खालचा पाया



पाडवा, दसरा, धनत्रयोदशी जवळ आली की घरोघरी एकदा तरी गाडीचा विषय निघतोच. मग घरातले पुरुष आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघतात, मायलेजवर वाद घालतात, शोरूमच्या फेऱ्या मारतात. आपल्याला विचारतात ते अगदी शेवटी, आणि तेही एवढंच, "रंग कोणता घेऊ या?" घरानंतरचा कुटुंबाचा सगळ्यात मोठा खर्च हा. त्याचे हप्ते पाच-सात वर्षं घरखर्चाला कात्री लावून जाणार, आणि आपल्या वाट्याला फक्त रंग! म्हणून आज पापड-लोणची बाजूला ठेवून गाडीवर लिहायचं ठरवलं. मी गाडी चालवत नाही. पण बी.कॉम.ला कॉस्ट अकाउंटिंग मन लावून शिकले आहे, आणि आजचा विषय इंजिनाचा कमी, हिशेबाचा जास्त आहे.

सांगायचं ते आधीच सांगते. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या शोरूममध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या खालून एकच असतात. यात काही पाप नाही. उलट त्यात गिऱ्हाइकाचाही फायदा आहे. पण ही गोष्ट आपल्याला सरळपणे सांगितली जात नाही, आणि माहीत नसल्यामुळे आपण नुसत्या नावाचे पैसे मोजून येतो. माझी तक्रार तिथे आहे.

खालचा पाया म्हणजे काय?

गाडीवाले ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात, त्याला आपण गाडीचा पाया म्हणू या. बाहेरचा पत्रा, दिवे, सीट, डॅशबोर्ड हे सगळं मनातल्या मनात काढून टाका. खाली जे उरेल तो पाया. गाडीचा तळ, इंजिन आणि आपले पाय यांच्यामधली पोलादी भिंत, सस्पेन्शन, स्टिअरिंगची जुळणी, इंजिन बसवायच्या जागा आणि विजेच्या तारांची मांडणी हे सगळं त्यात येतं. अपघातात बसलेला धक्का कोणत्या वाटेने मागे जाईल, हेही बरंचसं इथेच ठरतं.

आपण सकाळी कणीक एकदाच मळतो. तिच्यातूनच पोळी होते, पराठा होतो, मुलांसाठी चार पुऱ्याही होतात. ताटात तिन्ही वेगळ्या दिसतात, चवही वेगळी लागते, पण पीठ चाळायचे आणि मळायचे कष्ट एकदाच होतात. गाडीच्या कारखान्यात हेच चालतं.

फोक्सवॅगन समूहाने २०१२ साली एमक्यूबी नावाचा पाया आणला. त्यात इंजिन कसं बसणार आणि पुढच्या चाकापासून पायाखालच्या पेडलपर्यंतचं अंतर किती, हे कायमचं ठरवून टाकलं. बाकी गाडीची लांबी, रुंदी, दोन चाकांमधलं अंतर हवं तसं बदलता येतं. या एका पायावर ऑडी ए३, फोक्सवॅगन गोल्फ, स्कोडा ऑक्टाव्हिया आणि सेआट लिऑन अशा चार नावांच्या गाड्या उभ्या राहिल्या. चार शोरूम, चार किमती, पण पाया एक.

कंपन्या असं का करतात?

इथे आपलं कॉमर्स कामाला येतं. नवीन पाया तयार करायचा खर्च हा स्थिर खर्च. आराखडा, साचे, अपघाताच्या चाचण्या, कारखान्यातली यंत्रं, हे सगळं पहिली गाडी विकण्याआधीच खर्च होतं. नुसतं समजण्यासाठी आकडा धरू या. समजा, एका पायाला १,००० कोटी रुपये लागले. त्यावर एकच मॉडेल काढलं आणि एक लाख गाड्या विकल्या, तर प्रत्येक गाडीच्या डोक्यावर एक लाख रुपये बसले. त्याच पायावर चार मॉडेल काढून चार लाख गाड्या विकल्या, तर तोच बोजा २५ हजारांवर आला. शिवाय एकाच प्रकारचे ब्रेक, एकाच प्रकारचे गिअरबॉक्स लाखांनी घेतले की पुरवठादारही भाव कमी करतो. घाऊक आणि किरकोळ भावातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

याचं जवळचं उदाहरण पुण्याजवळ चाकणला आहे. फोक्सवॅगन समूहाने २०१८ मध्ये भारतासाठी १०० कोटी युरोंची योजना जाहीर केली आणि एमक्यूबीचं भारतासाठीचं रूप तयार केलं. त्यावर २०२१ मध्ये स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन आल्या. पुढच्या वर्षी स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस आल्या. चारही चाकणच्याच कारखान्यात होतात. आधीही तिथे व्हेंटो आणि रॅपिड या दोन नावांनी जवळजवळ एकच गाडी निघत होती.

ही काही आजची गोष्ट नाही

आपल्या सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांचं नाव तुम्हाला ठाऊकच आहे. जहाजं, विमानं, साखर, सगळीकडे त्यांनी हात घातला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. डॉज किंग्जवे, प्लिमथ सव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशी त्यांची भारदस्त नावं होती. या तिन्ही मुळात एकच गाडी होत्या. समोरची जाळी, थोडी सजावट आणि नावाची पट्टी एवढाच काय तो फरक. पुढे त्याच कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० तयार होऊ लागली आणि तिचीच १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आपण ज्या पद्मिनीत बसलो, तिचं माहेर इटलीत. तेव्हा नाव बदलून गाडी विकणं आपल्या देशाला अजिबात नवीन नाही.

जुळ्या, सख्ख्या आणि चुलत

सगळ्याच गाड्यांचं नातं सारखं नसतं. मी माझ्या सोयीसाठी तीन प्रकार केले आहेत.

पहिल्या जुळ्या बहिणी. गाडी तीच, फक्त नाव, जाळी, बंपर, दिवे आणि सीटचा रंग यांत थोडाफार बदल. टोयोटा आणि सुझुकी यांनी २०१८ मध्ये भारतात एकमेकांना गाड्या पुरवायचा करार जाहीर केला. त्यातून २०१९ मध्ये मारुतीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा नावाने आली. मग ब्रेझाची अर्बन क्रूझर झाली, अर्टिगाची रुमियन झाली, फ्रॉन्क्सची टायसर झाली. उलट दिशेनेही गाडी गेली. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस २०२३ मध्ये मारुतीकडे इन्व्हिक्टो झाली. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर ही जोडी तर फारच गमतीची. पाया सुझुकीचा, मोठं हायब्रिड इंजिन टोयोटाचं, आणि २०२२ मध्ये दोन्ही गाड्या निघाल्या त्या टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदी कारखान्यातून. मग मारुतीचं नाव लावलेली ग्रँड व्हिटारा कुणाची म्हणायची?

दुसऱ्या सख्ख्या बहिणी. पाया एक, इंजिनंही बरीचशी एक, पण बाहेरचा पत्रा आणि आतली मांडणी वेगळी. ह्युंदाई क्रेटा आणि किआ सेल्टोस, किंवा ह्युंदाई व्हेन्यू आणि किआ सोनेट. एक कारखाना चेन्नईजवळ, दुसरा आंध्रात अनंतपूरला. रस्त्यावर बघून कुणी म्हणणार नाही की या एका घरच्या.

तिसऱ्या चुलत बहिणी. इथे जास्त सावध राहायचं. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०१९ मध्ये आलेल्या हॅरिअरचा पाया लँड रोव्हरच्या डी८ पायावरून तयार केलेला आहे, हे टाटा स्वतः सांगतात, आणि ते खरंच आहे. पण "तयार केलेला" हा शब्द नीट ऐका. किंमत आवाक्यात ठेवायची म्हणून त्यात बदल केले आहेत. लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्टची मागची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र हलतात. हॅरिअरच्या मागे साधं, अर्धस्वतंत्र सस्पेन्शन आहे. हॅरिअर चांगली गाडी नाही असं मी म्हणत नाही. पण कुणी "ही म्हणजे लँड रोव्हरच समजा" म्हणालं, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. चुलत बहिणीचं नाक सारखं असलं म्हणून स्वभाव सारखा नसतो.

मग ही फसवणूक आहे का?

माझं मत स्पष्ट आहे. पाया वाटून घेणं ही फसवणूक नाही, तो शहाणपणाचा संसार आहे. पण तो लपवणं ही फसवणूक आहे.

अमेरिकेत याचा मोठा धडा मिळाला आहे. जनरल मोटर्सच्या घरात शेव्हरोले ही स्वस्त आणि ओल्डस्मोबिल ही वरच्या दर्जाची अशी वेगळी नावं होती. ओल्डस्मोबिलच्या 'रॉकेट' इंजिनाची जाहिरात वर्षानुवर्षं चालली होती. १९७७ मध्ये काही ओल्डस्मोबिल गाड्यांत कंपनीने शेव्हरोलेची इंजिनं बसवून विकली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. लोक कोर्टात गेले. इंजिन खराब होतं असं कुणाचं म्हणणं नव्हतं. एका नावाचे पैसे घेतले आणि दुसरं दिलं, हे म्हणणं होतं. त्यानंतर कंपनीला जाहिरातींत लिहावं लागलं की, आमच्या गाड्यांत समूहाच्या वेगवेगळ्या विभागांची इंजिनं असतात. एक ओळ. ती आधीच लिहिली असती तर एवढं रामायण झालं नसतं.

पुढे त्याच कंपनीने १९८२च्या मॉडेलपासून कॅडिलॅकसारख्या श्रीमंती नावाने सिमारॉन ही गाडी काढली. पाया साध्या शेव्हरोले कॅव्हेलिअरचा, आणि दिसायलाही फार फरक नाही. गिऱ्हाइकाने ते ओळखलं. १९८८ पर्यंत गाडी कशीबशी चालली आणि कॅडिलॅकच्या नावाला कायमचा बट्टा लागला.

आपल्याकडे मात्र आजही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मागे भाचीसाठी गाडी बघायला आम्ही एका शोरूममध्ये गेलो होतो. मी विचारलं, "ही आणि रस्त्यापलीकडच्या शोरूममधली ती, दोन्ही एकच ना?" मुलगा हसून म्हणाला, "नाही काकू, वरून सारखी दिसते, आतून पूर्ण वेगळी आहे." खरी गोष्ट नेमकी उलटी होती. वरून थोडी वेगळी, आतून तीच. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवलं ते तो बोलला. पण माहितीपत्रकातच एक ओळ असायला काय हरकत आहे, की ही गाडी अमुक कारखान्यात तयार झाली आहे आणि तिचा पाया अमुक गाडीचा आहे? बिस्किटाच्या पुड्यावर कुणी तयार केलं आणि कुणी विकलं हे दोन्ही छापावं लागतं. दहा रुपयांच्या पुड्याला जो नियम, तो दहा लाखांच्या गाडीच्या जाहिरातीला का नको?

नावाला काहीच किंमत नाही का?

आहे, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुळी गाडी असली तरी वॉरंटी, सर्व्हिस आणि पुढे विकताना मिळणारी किंमत वेगळी असू शकते. बलेनो-ग्लान्झाचंच घ्या. ग्लान्झा आली तेव्हा टोयोटा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी देत होती, आणि त्याच अंगाच्या बलेनोला मारुती दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरची देत होती. तेव्हा कुणी टोयोटाच्या नावासाठी चार पैसे जास्त दिले असतील तर त्यांना त्याबदल्यात काहीतरी मिळत होतं. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही वॉरंटी तीन वर्षं, एक लाख किलोमीटर केली. म्हणजे तो फरक मिटला. पण जुना सल्ला देणारे काका-मामा अजूनही तेच सांगत असतील. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, आजचा कागद मागा.

उलट बाजूही आहे. मारुतीची सर्व्हिस तालुक्याच्या गावीसुद्धा सापडते. वॉरंटीचं काम मात्र ज्याच्या नावाची गाडी त्याच्याच दारात करून घ्यावं लागतं. तुमचं सासर-माहेर खेड्याकडे असेल तर हा विचार नावापेक्षा मोठा.

गुण वाटले जातात, तसे दोषही

ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने कुशाक आणि टायगुन यांची अपघात-चाचणी केली. मोठ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी दोन्हींत पाच तारे मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस यांनाही पाच तारे मिळाले. पाया मजबूत असला की त्यावरच्या सगळ्या लेकींना त्याचा लाभ. नातवंडांना मागे बसवणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून महत्त्वाचं काय आहे? मात्र एकीचे तारे आपोआप दुसरीला लागू झाले असं समजू नका. एअरबॅग किती, कोणत्या व्हेरियंटची चाचणी झाली, हे आपण घेणार त्या नावाने तपासा.

दोषाचंही तसंच. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता आहे म्हणून मारुतीने १७,३६२ गाड्या तपासायला परत बोलावल्या. त्यात बलेनो आणि ग्रँड व्हिटारा होत्या. त्याच कारणासाठी टोयोटानेही ग्लान्झा आणि हायरायडर मिळून १,३९० गाड्या परत बोलावल्या. तेव्हा पेपरात एका कंपनीची अशी बातमी आली, की आपल्या गाडीची जुळी बहीण त्यात आहे का हे बघायची सवय लावून घ्या. जिला आपल्या गाडीचं गोत्र माहीत आहे, तिलाच ही बातमी वेळेवर कळेल.

आणि आता आपल्या समाजाबद्दल

हे जरा टोचेल, पण बोलते. आपल्याकडे लग्नात गाडी द्यायची वेळ आली की मॉडेलपेक्षा बोनेटवरचं चिन्ह बघितलं जातं. "त्यांनी अमक्या कंपनीची दिली" हे चार घरी सांगता आलं पाहिजे. या सांगण्याची किंमत काढून बघू या. समजा, नावासाठी एक लाख रुपये जास्त दिले, तेही नऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जातून. महिन्याचा हप्ता सुमारे १,६०९ रुपयांनी वाढला. सात वर्षांत एक लाखाचे १,३५,००० झाले. त्यात पाया तोच, इंजिन तेच, काही वेळा कारखानाही तोच. मुलीच्या नावाने हीच रक्कम बाजूला ठेवली असती तर तिच्या अडीअडचणीला आली असती. चिन्ह काही अडचणीत धावून येत नाही.

पैसे जास्त द्यायचेच असतील तर त्याच नावाच्या वरच्या, जास्त सुरक्षित व्हेरियंटला द्या. ते अंगी लागतात.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी रंग विचारला की आधी हे विचारा:

१. या गाडीचा पाया आणखी कोणत्या गाड्यांना आहे?
२. गाडी कोणत्या कारखान्यात तयार झाली? चासिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यातली पहिली तीन अक्षरं कारखानदाराची ओळख सांगतात. जुळ्या गाड्यांचे नंबर शेजारी ठेवून बघा.
३. जुळ्या गाडीचं याच दर्जाचं व्हेरियंट केवढ्याला आहे? तुलना ऑन-रोड किमतीची करा, शोरूमच्या किमतीची नाही.
४. दोन्हींची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर?
५. आपल्या गावापासून सर्व्हिस किती लांब? ब्रेक पॅड, हेडलाइट, बंपर यांचे भाव दोन्हीकडे विचारा. आतले भाग सारखे असले तरी दिवे आणि बंपर बहुधा वेगळे असतात, आणि शहरात आधी तेच फुटतात.
६. एअरबॅग किती आणि सुरक्षेचे तारे नेमके कोणत्या गाडीला मिळालेत?
७. सीट चामड्याचे की लेदरेटचे? आपल्याला हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाया सारखा असला तरी वरची सजावट नावाप्रमाणे बदलते.

आणि जुळ्या बहिणींपैकी दोन्ही चालवून बघितल्याशिवाय सही करायची नाही, असं घरात सांगून टाका. पाया एक असला तरी स्प्रिंग मऊ की कडक, स्टिअरिंग हलकं की जड, हे कंपन्या वेगवेगळं ठेवू शकतात. ज्यांचे गुडघे आणि कंबर दुखते, त्यांनी मागच्या सीटवर बसून खड्ड्याच्या रस्त्याने एक फेरी मारायला लावा. ते मत कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

आपण साडी घेताना पदर उलटून आतली वीण बघतो, सोनं घेताना हॉलमार्क बघतो, डाळ घेताना मूठभर हातात घेऊन बघतो. दुकानाचं नाव कितीही मोठं असो, बघतोच. गाडीलाही तोच नियम लावा. आणि तुमच्या घरी जुळ्या गाड्यांपैकी कुठली असेल, तर दोन्हींच्या किमती आणि सर्व्हिसचा खर्च खाली लिहून कळवा. चार घरांचे आकडे एकत्र आले की पुढच्या मैत्रिणीला शोरूममध्ये बोलायला बळ येईल.